पिशवी काढायच्या आधी

पौड, पेटा मुळशी
५ एप्रिल १९५९

तुळजाबाई यांस,

पत्राच्या डोक्यावर देवाचं नाव घालतात. पण खाली जे लिहायचंय ते देवापुढं ठेवण्यासारखं नाही, म्हणून तशीच सुरुवात करते. मी रत्नाबाई. तुम्ही गेल्यावर तुमच्या चुलीपुढं जी बसली ती. दहा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज गरज पडली म्हणून लिहितेय.

मला अंगावर जातं. आधी चार दिवस जायचं, मग दहा झाले, आता महिन्यातले वीस दिवस जातं. रक्ताच्या गाठी पडतात, काळजाच्या तुकड्यांएवढ्या. ओटीपोटात कळ येते तेव्हा मी गोठ्यातली दावण दातात धरते. बाळंतपणाच्या कळा बऱ्या, त्यांना शेवट असतो. होय, गोठ्यातच असते मी आता. सासूबाई भाकरी उंबऱ्यावर ठेवतात आणि काठीनं आत ढकलतात. वास येतो म्हणतात. येतोच. मला स्वतःला येतो. मी माझ्या अंगाकडून तोंड फिरवून झोपायला बघते, पण अंग बरोबरच वळतं. माशा घोंघावतात. हे जाता-येता दारात थुंकतात. एकदा थुंकी माझ्या पायावर पडली तर म्हणाले, "दिसली न्हाईस." भर दुपारी.

फाल्गुनात मला पुण्याला नेलं, एका खाजगी डॉक्टरकडं. तपासताना त्याच्या तोंडात पान होतं. बोटं घालायच्या आधी हात धुतले की नाही, मी बघितलं नाही, डोळे मिटले होते. मला एक शब्द विचारला नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन ह्यांच्याशी बोलला. मी पडद्याआड लुगडं सावरत ऐकलं, "पिशवीच काढून टाकू. कटकट मिटेल." दोघंही हसले. कशाला हसले ते कळलं नाही.

येताना गाडीत, भूगाव मागं पडल्यावर मी विचारलं, "दुसरा काही इलाज न्हाई का?"

म्हणाले, "तुला काय करायचंय इलाजाशी?"

घरी आल्यावर सासूबाईंनी पाय धुवायला पाणीसुद्धा दिलं नाही. म्हणाल्या, "पहिलीचीबी काढली व्हती. मेली का ती? उलट तिकडं दवाखान्यात भाकऱ्या बडवतीया म्हनं."

तेव्हा मला तुमची आठवण झाली. तुम्ही वाईकडं एका मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाकाला आहात, तिथं एक बाई डॉक्टर आहेत, असं रंभाबाई कासारणीकडून कळलं. ती गावोगाव बांगड्या भरत फिरते, तिला सगळं ठाऊक असतं. तुमचं दुखणं असंच होतं का? पिशवी न काढता काही करता येतं का? तुमच्या डॉक्टरबाईंना विचाराल का? मला एकच मुलगी आहे, अंबू, सात वर्षांची. तिच्यानंतरची दोन तिसऱ्या महिन्यात पडली.

तुमच्या वेळी काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. मी लहान होते. लग्न होऊन आले तेव्हा तुमचं सगळं उरकलेलं होतं.

उत्तर घरी पाठवू नका. रंभाबाई कासारीण, पिरंगुट, एवढाच पत्ता घाला.

रत्नाबाई


पौड
२६ एप्रिल १९५९

आक्का,

तुझं कार्ड मिळालं. "रत्ने, मावशीच्या पोरीनं मला बाई म्हणावं? खोट्या पत्राला उत्तर नसतं. खरं लिही, मग बघू." कार्ड उघडंच असतं. पोस्टातल्या माणसानं वाचलं असणार. वाचू दे.

मी लहान नव्हते. अठरा वर्षांची होते. लग्न होऊन आले हेही खोटं. मी आधीपासून तुझ्याच घरात होते. तू अंथरुणाला खिळलीस म्हणून मावशीनं मला तुझ्याकडं पाठवलं होतं, भाकरी थापायला आणि तुझं करायला. तुझे धुण्याचे कपडे मी हातानं उचलत नव्हते. काठीच्या टोकानं उचलून ओढ्यात टाकत होते, आणि सासूबाई बघत असल्या की नाकाला पदर लावत होते, त्यांना बरं वाटावं म्हणून. त्या म्हणायच्या, "पोरगी स्वच्छ हाय."

पुण्याहून तुला बैलगाडीतून आणलं तेव्हा तुझे टाके ओले होते आणि माझ्या हातात हिरवा चुडा होता. माझ्या लग्नाला आठ दिवस झाले होते. गाडीतून तुला उतरवायला मी पुढं झाले तर तू माझ्या हाताकडं बघितलंस आणि स्वतःच उतरलीस, पोट धरून. नंतर पाणवठ्यावर बायकांनी विचारलं, "थोरली आता काय कामाची?" मी म्हणाले, "रिकामं खोकं हाय, ठेवलंय कोपऱ्यात." सगळ्या हसल्या. तू मागं उभी होतीस. मला ठाऊक होतं तू मागं आहेस. तू खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिलं.

आता इथलं लिहिते. तुझ्या उत्तराची वाट बघत होते तोवर मी माझ्या मनानं इलाज केले. वैद्यानं अशोकाच्या सालीचा काढा दिला, तो दहा दिवस घेतला. रक्त जरा कमी झालं, कळ नाही. मग सासूबाईंनी गेणबा भगताला बोलावलं. आक्का, तो म्हातारा दारूच्या वासानं भरलेला. म्हणाला, बाहेरचं हाय, पोटात बसलंय. मला चार बायकांनी धरलं. त्यानं विळा तापवून बेंबीखाली तीन डाग दिले आणि डाग देताना दुसरा हात जिथं ठेवायचा नाही तिथं ठेवला. मी ओरडले तर सासूबाई म्हणाल्या, "बघा, भूत वरडतंय." डाग पिकले. आता पू आणि रक्त दोन्हीचा वास येतो.

मी ह्यांना म्हणाले, "सरकारी दवाखान्यात तरी दाखवा. तिथं बाया डॉक्टर असतात."

एकदम माझ्याकडं वळून बघितलं. "सरकारी दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई," म्हणाले.

पेरणीच्या आत उरकायचं ठरलंय. मे महिन्याच्या सत्तावीस तारखेला तोच पानवाला डॉक्टर. अंगठा नाही, मला सही येते, म्हणून ऑपरेशनच्या संमतीचा कागद आधीच घरी आणून ठेवलाय. रोज पुढं करतात. मी रोज म्हणते, कळ उतरू दे, मग करते.

अजून काही लिहायचं राहिलं नाही.

रत्ना


पौड
१० मे १९५९

आक्का,

दुसरं कार्ड मिळालं. रंभाबाईनं ते चोळीत घालून आणलं, घामानं अक्षरं फुटली होती, तरी वाचता आलं. "एवढं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला जे ठाऊक नाही ते लिही. त्या दिवशी सरकारी दवाखान्यात मी आत टेबलावर होते. तू बाहेर होतीस."

तुला दहा वर्षं संशय होता म्हणजे. तीन दिवस मी लिहायला बसून उठले. आता लिहिते.

तुला आत घेतलं आणि आम्ही दोघं व्हरांड्यात उभे होतो. खूप वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गोऱ्या, चष्मा होता, पायात पुरुषी बूट. त्या ह्यांना म्हणाल्या, "पिशवीला गाठी आहेत. आम्ही नुसत्या गाठी काढू. पिशवी जागेवर राहील. वय लहान आहे, पुढं मूलही होऊ शकेल. पंधरा दिवस इथं ठेवा, आधी रक्त वाढवू." मी सगळं ऐकलं. माझ्याकडं बघूनही त्या म्हणाल्या, "बहिणीला सांग, घाबरू नकोस म्हणावं."

त्या आत गेल्यावर हे मला फाटकाजवळच्या चिंचेखाली घेऊन गेले. म्हणाले, "गाठी काढून पुन्यांदा तेच. सहा वर्सं झाली, एक पोर न्हाई. पिशवीच गेली तर ती सोता म्हनंल, दुसरी करा. मग पंचबी आडवं येनार न्हाईत." मग म्हणाले, "तुझ्या बापाशी माझं बोलनं झालंय. तू आपलं गप ऱ्हा. सोन्याची बोरमाळ करीन."

मी गप्प राहिले असते तर एक वेळ. मी गप्प राहिले नाही, आक्का. तू बाहेर आलीस, भिंतीला धरून, आणि मला विचारलंस, "काय म्हनली गं डॉक्टरीण?" ह्यांना नाही, मला विचारलंस. आणि मी तुला सांगितलं, "दुसरा इलाज न्हाई म्हनली. पिशवी काढावी लागंल." माझ्याच तोंडानं. तू म्हणालीस, "बरं." त्याच दुपारी तुला तिथून हलवून त्या खाजगी डॉक्टरकडं नेलं. तो पानवालाच. तेव्हा त्याचे केस काळे होते.

तुझी पिशवी त्यानं काढली, पण काढायला लावली मी. जनावर भाकड ठरवून बाजाराला काढावं तसं तुला ठरवलं आणि मी दावं सोडून दिलं. बोरमाळ मिळाली. लग्नात घातली. मला तिचा काच कधी झाला नाही, खोटं कशाला लिहू. दहा वर्षं मी सुखानं जेवले. तू मला आठवायला लागलीस ती माझ्या पोटात दुखायला लागल्यावर. ह्याचीच मला सगळ्यांत जास्त शिसारी येते. त्या भगताच्या हाताची येते त्याहून.

माझ्या वेळीही तेच चाललंय, हे मला आता कळलं. मारुंजीच्या कुशाबाची मुलगी आहे, अनसू. सतरा वर्षांची. सासूबाई दोनदा जाऊन बघून आल्यात. माझं उरकलं की तुळशीच्या लग्नानंतर करायचं म्हणतात. मला कोपऱ्यात ठेवणार की हाकलणार ते अजून ठरलं नाही.

मला तुझ्याकडं क्षमा मागायची नाही. क्षमा मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर ते ओझं का घालू? पण मी येतेय. कागदावर सही केलेली नाही. वीस तारखेला हे खताची पोती आणायला जाणार आहेत. अंबूला घेऊन पौडातून सकाळची पहिली गाडी धरते. फाटकातून हाकललंस तरी तुझ्या डॉक्टरबाईंना भेटल्याशिवाय जाणार नाही.

रत्ना


दवाखाना, बायकांचा वॉर्ड
९ जून १९५९

आक्का,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. अंबू आणून देईल. तुझ्या स्वयंपाकघराचा धूर माझ्या खाटेवरून दिसतो, तीसेक पावलं असतील, तरी लिहितेय. कारण वीस दिवस झाले, तू आली नाहीस.

त्या दिवशी फाटकात तू मला बघितलंस. मी ओळखू आले का नाही कुणास ठाऊक, माझं तोंड हळदीसारखं पिवळं झालेलं. तू माझ्याशी बोलली नाहीस. अंबूला विचारलंस, "जेवलीस का?" आणि तिचा हात धरून निघालीस. जाताना दवाखान्यातल्या आयाला म्हणालीस, "या बाईला मोठ्या बाईंकडं न्या." या बाईला. बरोबर आहे.

अंबू सांगते, ती बाई मला दुधात भाकरी कुस्करून देते, केस विंचरते, उवा काढते. मी तिला म्हणाले, ती तुझी मावशी आहे. तर म्हणाली, "ठाऊक हाय. तिनंच सांगितलं."

तुमच्या डॉक्टरबाईंनी मला तपासताना आधी हात धुतले. गरम पाण्यानं, साबण लावून, माझ्यासमोर. त्यावर मला इतकं रडू आलं की त्या थांबल्या. डाग बघून त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं मलम लावायला सांगितलं. मग मला उठवून बसवलं आणि मलाच सांगितलं. तीन गाठी हाताला लागतात. पिशवी बाहेरून चांगली वाटते. नुसत्या गाठी काढता येतील. पण आधी रक्त वाढवायला हवं, म्हणून या लोखंडाच्या गोळ्या, इंजेक्शनं आणि रक्ताच्या दोन बाटल्या. आणि त्यांनी हेही सांगितलं, "पोट उघडल्यावर रक्त थांबलं नाही तर जीव वाचवायला पिशवी काढावी लागेल. आणि आज गाठी काढल्या तरी पुढं पुन्हा होऊ शकतात. दोन्ही ऐकून घे. घाई नाही, उद्या सांग."

मी म्हणाले, "आजच सांगते. गाठी काढा. जीवावर बेतलं तर पिशवी काढा. उगीच काढू नका."

परवा हे आले. तू बघितलंस का? स्वयंपाकघराच्या बाजूनंच आले. सोबत सासूबाई. वॉर्डात बारा बायका, एकीनं बाळ पाजायला घेतलेलं, तरी सरळ आत. दहा वर्षांपूर्वीचंच बोलणं, शब्दसुद्धा बदललेले नाहीत. डॉक्टरबाईंना म्हणाले, "आता हितवर आलीच हाय तर सगळीच काढून टाका. पुन्यांदा पुन्यांदा कोन आननार हिला?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही आणलंत कुठं? ती स्वतः आली."

"मी नवरा हाय तिचा."

"दुखणं तिचं आहे. मी तिला विचारलंय."

सासूबाई खाटेच्या पायाशी येऊन म्हणाल्या, "बिनकामाची पिशवी ठिवून पूजा करनार हाय का भवाने? भिवाचं घर बुडवायला निघाली."

आक्का, मी त्यांच्याकडं बघितलं. ह्यांच्या मिशीला डाळीचा कण चिकटला होता. सासूबाई बोलताना थुंकी उडत होती. मला वाटलं होतं मी घाबरेन. पण मला नुसती किळस आली, उन्हात नासलेलं काही ताटात वाढल्यावर येते तशी. मी म्हणाले, "वॉर्डात थुंकू नका." एवढंच सुचलं.

हे म्हणाले, "मग माझ्या घराची पायरी चढू नगंस." आणि गेले.

कागदावर मी सही केली. रत्नाबाई एवढंच लिहिलं, पुढं कुणाचं नाव लावलं नाही. नर्सबाई म्हणाली, "नवऱ्याचं?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "राहू दे."

उद्या सकाळी नेणार आहेत. मी वाचले नाही तर अंबूला माझ्या सासरी पाठवू नकोस, एवढं लिहायला हे पत्र. तू ये असं म्हणत नाही.

रत्ना


पिरंगुट
१८ ऑक्टोबर १९५९

आक्का,

तुझं कार्ड मिळालं. त्याचं उत्तर शेवटी लिहिते. आधी इथं काय झालं ते.

ऑपरेशनचं तुला ठाऊकच आहे. आत एक लपलेली निघाली, म्हणून गाठी तीनच्या चार झाल्या, थोरली पेरूएवढी. पिशवी राहिली. आठव्या दिवशी तू वॉर्डात आलीस, पेजेत मीठ बरं आहे का विचारलंस, मी "बरं हाय" म्हणाले आणि तू गेलीस. दहा वर्षांनी आपण एवढंच बोललो. तेवढंही मला पुष्कळ झालं.

आता पाच दिवस जातं, मग थांबतं. पहिल्या दिवशी अजून दुखतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, अगदीच नाहीसं होणार नाही. पण मी उभी राहू शकते. रंभाबाईनं मला ठेवून घेतलं. तिच्याबरोबर बांगड्यांची टोपली घेऊन फिरते. आमच्या घराण्यातली बाई कासारणीमागं फिरते म्हणून भाऊ माझ्याशी बोलत नाही. त्याच्या न बोलण्यानं माझं काही अडलेलं नाही.

श्रावणात टोपली घेऊनच मी मारुंजीला गेले. कुशाबाच्या अंगणात बसले. त्याची बायको तुकाबाई आणि अनसू, दोघी बांगड्या बघायला आल्या. अनसूचा हात हातात घेतल्यावर मी सांगितलं, "मी भिवाजीची दुसरी." तुकाबाईनं पोरीचा हात ओढून घेतला. मी तशीच बोलत राहिले. तुझं सांगितलं. माझं सांगितलं. चिंचेखाली जे बोलणं झालं ते शब्दाला शब्द सांगितलं आणि त्यानंतर मी तुला काय सांगितलं तेही. ते गाळलं असतं तर मी गरीब गाय ठरले असते. गाळलं नाही.

कुशाबा ओसरीवर होता. उठून आला, टोपलीला लाथ घातली. "सवतीमत्सर हाय हिचा! हाकला हिला." बांगड्या फुटल्या. मी काचा गोळा करत होते तर अनसू माझ्याशेजारी बसून गोळा करायला लागली. बापाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "तुमी तवा का खोटं बोललात?"

मी म्हणाले, "मला माझ्या आक्काच्या जागी बसायचं व्हतं."

ओंजळीतल्या काचा टोपलीत टाकून ती म्हणाली, "मला कुनाच्या जागंवर न्हाई बसायचं." तुकाबाई दारात उभी होती. तिनं ऐकलं की नाही मला कळलं नाही. पण तिनं पोरीला आत बोलावलं नाही.

दसऱ्याला सुपारी फोडायची होती. पाहुणे जमले, ताटं वाढली. अनसू बाहेर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, हे लगीन मला करायचं न्हाई. कुशाबानं तिला तिथंच मारलं. तेव्हा तुकाबाई मधे पडली आणि म्हणाली, "पोरीला मारू नगा. त्यांच्या घरातनं दोन बाया कापून बाहिर काढल्यात, तिसरी मी देनार न्हाई." हे मी बघितलं नाही. रंभाबाई तिथं होती. पाहुणे वाढलेल्या ताटावरून उठून गेले. अनसूला आता तिच्या मामाकडं ठेवलंय.

आणि परवा हे इथं आले.

मी दारात तांदूळ निवडत होते. उभे राहिले, थुंकले नाहीत, चपला काढल्या. मला वाटलं शिव्या देणार. तर गोड आवाज. म्हणाले, "अंबू कुटं हाय? वाळली असंल." मग म्हणाले, "कळलं मला. पिशवी हाय म्हनं अजून जागंवर. वाईला मानूस पाठवून विचारून घेतलं. चल घरी. आईबी म्हनतीया, झालं गेलं इसरू."

आक्का, मला पुन्हा सगळं कळायला जरा वेळ लागला. हा माणूस दोन-तीन महिने माझ्या पोटातलं काढायला बसला होता, आता ते शिल्लक आहे म्हणून न्यायला आला. लिलावात उरलेलं भांडं तळाला भोक नाही ना बघून उचलावं तसं. त्यानं माझ्या पोटाकडं बघितलंही, लुगड्यावरून, अंदाज घेत. मी दहा वर्षं या माणसाच्या ताटातलं उष्टं जेवले. मला तिथंच ओकारी आली. खरोखर. तांदळाचं सूप बाजूला सारून मी गटारीपाशी जाऊन ओकले.

"काय झालं?" म्हणाले. डोळ्यात चमक आली, आक्का! ज्यानं मला नऊ महिन्यांपूर्वी गोठ्यात टाकलं, त्याला सगळा हिशेब विसरून क्षणभर मला दिवस गेल्यासारखं वाटलं असणार, ते तू ओळखलंच असशील.

मी तोंड धुतलं. म्हणाले, "तुमाला बघून झालं. आता जावा."

"पिशवी ठिवून घेतली ती कशापायी मग? मूल नगं तर?"

"माझी हाय म्हनून."

रंभाबाई बाहेर आली, शेजारच्या बायका आल्या. बायका बघून त्यांनी चपला घातल्या. जाताना एवढंच म्हणाले, "तुळजीनं शिकवलंय तुला." मी म्हणाले, "व्हय." तू मला काहीच शिकवलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. तू मला फक्त खरं लिहायला लावलंस. पण त्यांना वाटू दे. हल्ली पिरंगुटच्या बाजारात बायका त्यांच्याकडं बघून पदर तोंडाला लावतात, वास आल्यासारखा. रंभाबाई प्रत्येक गावात सांगत फिरते. मी तिला अडवत नाही.

मला मूल हवंय का, हे मला अजून ठाऊक नाही. आता व्हायचंही नाही बहुतेक. मी पिशवी मुलासाठी ठेवली असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. तुझी गेली आणि माझी राहिली, हे कुठल्याच हिशेबानं बरोबर नाही, आणि ते मला रोज कळतं. अंघोळीला बसल्यावर पोटावरचा टाक्यांचा वण दिसतो तेव्हा तुझाही असाच असणार, हे डोक्यात येतं. तुझा मी कधी बघितला नाही. तू टाके ओले असताना स्वतःची पट्टी स्वतः बदलायचीस आणि मी बाहेर अंगणात हिरव्या चुड्यानं धान्य पाखडायचे.

आता तुझ्या कार्डाचं. "पोरीला दिवाळीच्या सुट्टीत पाठव. तू येऊ नकोस."

पाठवते. रविवारी रंभाबाई तिला घेऊन निघेल, दुपारपर्यंत पोचतील. तिच्या फ्रॉकच्या दोन शिवणी उसवल्यात, मी घातलेला टाका टिकत नाही, तूच घाल. झोपेत ती लाथा मारते. कांदा बाजूला काढते, तिला तसं करू देऊ नकोस. रात्री गोष्ट मागेल. तुझ्याबद्दल मी तिला सगळं सांगितलंय, मी काय केलं तेही. सात वर्षांच्या पोरीला कळेल तेवढं. ती ऐकून म्हणाली, "मग मावशी तुज्याशी बोलत न्हाई ते बराबर हाय."

मी येणार नाही. तू बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर अंबू सुट्टीला येत जाईल.

रत्ना